आज कितवा दिवस?

टायफॉइडला आपल्या घरांतून अजूनही ‘मुदतीचा ताप’ म्हणतात. औषधं नव्हती त्या काळात हा ताप तीन-चार आठवडे मुक्काम ठोकायचा आणि घरातली माणसं दिवस मोजत उशाशी बसायची. न्यूमोनियाचंही तसंच. सातव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास दरदरून घाम सुटून ताप एकदम उतरायचा, नाहीतर रोगी हाती लागायचा नाही. मुदत रोगाची असे, माणसाच्या हाती फक्त वाट पाहणं. मग पेनिसिलिन आलं, आणि दिवस मोजायचं काम घरच्यांकडून डॉक्टरांकडे गेलं. आता मुदत औषधाला आली. ती कुणी आणि कशावरून ठरवली, आणि अतिदक्षता विभागात, जिथे अंदाज चुकला तर माणूस जातो, तिथे ती किती असावी, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

मी गेली बावीस वर्षं आयसीयूत काम करते. या काळात अँटिबायोटिक सुरू कसं करायचं हे मला भरपूर शिकवलं गेलं, थांबवायचं कसं हे जवळजवळ कुणीच शिकवलं नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी आयसीयू सांभाळणारे काही सहकारी डॉक्टर आणि सिस्टर यांनी एकत्र बसून ही पुस्तिका लिहिली ती ही उणीव डोळ्यांपुढे ठेवून. प्रस्तावना लिहायला सांगितलं तेव्हा मी एकच मागणं मागितलं: आकड्यांबरोबर खाटेजवळच्या भीतीबद्दलही लिहू द्या. कारण औषध लांबतं ते बहुतेक वेळा भीतीपोटी. डॉक्टरला ठाऊक असतं की पुरे झालं, तरी हात धजावत नाही.

सेप्सिस म्हणजे काय ते नातेवाइकांना सांगताना आपण ‘रक्तात इन्फेक्शन पसरलंय’ असं म्हणतो. घाईच्या वेळी तेवढं पुरतं. मुदतीचा विचार करताना मात्र ते अपुरं पडतं. २०१६ साली तज्ज्ञांनी नवी व्याख्या केली तिचा आशय असा: जंतुसंसर्गाला शरीर जो प्रतिसाद देतं तोच बेताल होतो, त्यातून अवयव निकामी होऊ लागतात आणि जिवावर बेततं. रक्तदाब पडतो, लघवी कमी होते, श्वास पुरत नाही, माणूस बरळू लागतो. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख लोक त्यात दगावले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. आता यात अँटिबायोटिकचं काम एवढंच की ते जंतू मारतं. सुजलेली फुप्फुसं, दमलेलं मूत्रपिंड, गळून गेलेले स्नायू यांच्यावर त्याचा काही इलाज चालत नाही. पूर ओसरला तरी घरात चिखल राहतो, भिंती महिनाभर ओल्या राहतात. दहाव्या दिवशी रोगी अजून व्हेंटिलेटरवर आहे म्हणून मेरोपेनेमसारखं अँटिबायोटिक चालू ठेवणं म्हणजे चिखल बघून पूर अजून आहे असं धरून चालणं. आयसीयूत औषधं लांबण्यामागे भीतीच्या जोडीला माझ्या मते ही गल्लतही असते.

सुरुवातीबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नसतो. २००६ साली आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या २,७३१ रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवलं की रक्तदाब पडल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य अँटिबायोटिकला जितक्या तासांचा उशीर होतो, तितक्या वेळा जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत जातं. शॉकमधल्या रुग्णाला पहिला डोस तासाच्या आत, हे आज कॅज्युअल्टीतल्या नवख्या डॉक्टरलाही पाठ असतं. तो डोस कुणी लिहिला, किती वाजता गेला, कुणी टोचला, सगळ्याची सही-वेळेनिशी नोंद असते. शेवटच्या डोसाची अशी नोंद मी फार क्वचित पाहिली आहे. सर्जन म्हणतात फिजिशियनना विचारा, फिजिशियन म्हणतात पोट तुम्ही उघडलंत, तुम्ही सांगा. आयसीयूतला डॉक्टर दोघांचा मान राखून कालचंच आज उतरवून काढतो.

औषध थांबवण्याच्या या भीतीचं मूळ फार जुनं आहे. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन टोचलं गेलं. चेहऱ्यावरच्या जखमेतून सुरू झालेला संसर्ग त्याच्या अंगभर पसरला होता. आजच्या भाषेत तो सेप्सिसच. औषधाने चमत्कार वाटावा असा उतार पडला, ताप गेला, तो जेवू लागला. पण जगातलं पेनिसिलिनच तेवढं होतं. त्याच्या लघवीतून औषध पुन्हा वेगळं काढून त्यालाच टोचलं, आणि पाचेक दिवसांत तेही संपलं. संसर्ग उलटला, १५ मार्चला तो गेला. अँटिबायोटिकच्या इतिहासाचं पहिलं पानच असं आहे: औषध लवकर थांबलं आणि माणूस गेला. नंतर, डिसेंबर १९४५ मध्ये, नोबेल पारितोषिकाच्या वेळच्या भाषणात फ्लेमिंगनी कमी मात्रेत पेनिसिलिन घेऊन जंतूंना सरावू देण्याच्या धोक्याबद्दल बजावलं. त्यांचा रोख मात्रेवर होता. ‘कोर्स पूर्ण करा’ हा सल्ला मात्र दिवसांना येऊन चिकटला.

आपल्या देशात या सल्ल्याला टीबीने आणखी धार आणली. टीबीचं औषध सहा महिने घ्यायचं, मध्येच सोडलं तर जंतू हट्टी होतात, हे गावोगावच्या भिंतींवर रंगवलेलं आपण वाचत आलो, आणि ते खरंच आहे. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो, लपून बसतो, आणि एकेका औषधाला दाद न देणारे त्याचे भाईबंद त्याच रुग्णाच्या छातीत निपजतात. ई. कोलाय किंवा क्लेब्सिएलाचं गणित वेगळं. हे जंतू आपल्या आतड्यात एरवी शांतपणे राहतात. मूत्रमार्गातल्या ई. कोलायला मारण्यासाठी दिलेलं औषध आतड्यातल्या कोट्यवधी जंतूंवरूनही जातं. रोज कमजोर मरतात, निबर उरतात, त्यांना मोकळी जागा मिळते. म्हणजे इथे जंतू निबर होतात ते औषध जितके जास्त दिवस चालेल तितके जास्त. टीबीचा नियम उचलून सेप्सिसला लावला, तिथे घोटाळा झाला.

आणि मग सात, चौदा, एकवीस हे आकडे आले कुठून? प्रयोगशाळेतून आलेले नाहीत, हे मी ठामपणे सांगू शकते. ते पंचांगातून आले. आपण मराठीत ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो तेव्हा आठवडाच मोजत असतो, आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. फ्रेंच माणूसही असाच बोलतो, त्याचाही आठवडा बोलण्यात आठ दिवसांचा आणि पंधरवडा पंधरा दिवसांचा. व्हेंटिलेटरवर होणाऱ्या न्यूमोनियावर फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंनी केलेला मोठा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात तुलना होती ती आठ दिवस आणि पंधरा दिवस यांचीच. अमेरिकेतले संसर्गरोगतज्ज्ञ ब्रॅड स्पेलबर्ग याच्याही मागे जातात. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन ३२१ मध्ये सात दिवसांचा आठवडा कायम केला, त्याने चार दिवसांचा केला असता तर आपण चार आणि आठ दिवस औषध दिलं असतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

त्या फ्रेंच अभ्यासातल्या ४०१ रुग्णांत मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं. आठ दिवसांच्या गटात १८.८ टक्के, पंधरा दिवसांच्या गटात १७.२. न्यूमोनिया ज्यांना पुन्हा झाला, त्यांच्यात अनेक औषधांना दाद न देणारे जंतू पंधरा दिवस औषध घेतलेल्यांत जास्त सापडले: ६२ टक्के, आठवाल्यांत ४२. फक्त स्यूडोमोनास आणि त्याच्या जातीच्या जंतूंच्या बाबतीत आठ दिवसांनंतर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. ती शंका आजही पुरती मिटलेली नाही आणि पुस्तिकेत तिला स्वतंत्र पान दिलं आहे.

इथे मला एका रुग्णाबद्दल सांगायचं आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत होते. पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई रात्री आल्या. मूत्रवाहिनीत खडा अडकलेला, वर पू साठलेला, नाडी हाताला लागत नाही. मूत्ररोगतज्ज्ञांनी पहाटे स्टेंट घालून पू मोकळा केला. रक्ताच्या कल्चरमध्ये ई. कोलाय आला. मेरोपेनेम चालू होतं, एक ग्रॅम, दिवसातून तीनदा. तिसऱ्या दिवशी रक्तदाबाचं औषध उतरलं, पाचव्या दिवसापासून ताप नाही, सातव्या दिवशी सकाळी त्या चहा मागत होत्या. राउंडला सिस्टरांनी ट्रीटमेंट शीट पुढे केलं. ‘मॅडम, मेरोचा आज सातवा. पुढचं लिहू का?’ मी म्हटलं, ‘लिहा. शॉकमध्ये आल्या होत्या, चौदा पूर्ण करू.’ एवढंच बोलणं झालं, आणि मी पुढच्या खाटेकडे वळले.

हाताच्या शिरा संपल्या होत्या, म्हणून इंजेक्शनसाठी मानेतली सेंट्रल लाईन तशीच ठेवली. अकराव्या दिवशी जुलाब सुरू झाले. तेराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला आणि नव्या कल्चरमध्ये कॅन्डिडा निघाला, म्हणजे रक्तात बुरशी. लाईन काढली. बुरशीचं औषध रक्त स्वच्छ झाल्यापासून पुढे चौदा दिवस द्यावं लागतं, ते दिलं. बाई वाचल्या. पण ज्या दुसऱ्या आठवड्यात घरी जायच्या त्या पाचव्या आठवड्यात भिंत धरत धरत गेल्या. डिस्चार्जच्या दिवशी त्यांचे यजमान एक प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. आत रिकाम्या बाटल्या. बिल तपासताना लागतील असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून सिस्टरांकडे मागून मागून जमवल्या होत्या. मेरोपेनेमच्या बाटल्या वेगळ्या बांधलेल्या होत्या. एकेचाळीस. ‘एक फुटली माझ्या हातून,’ ते अपराध्यासारखे म्हणाले. मला कळेना त्यांच्याकडे कसं बघावं. त्यांतल्या एकवीस बाटल्या का दिल्या, याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर शोधायला जगाला बराच काळ लागला. कॅनडातले निक डेनमन आणि रॉबर्ट फाउलर यांनी ज्या अभ्यासाचं नेतृत्व केलं त्याचं नाव ‘बॅलन्स’. रुग्णांची नोंदणी २०१४ साली सुरू झाली, ती २०२३ पर्यंत चालली, आणि निष्कर्ष नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. रक्तात जंतू सापडलेले ३,६०८ रुग्ण, सात देशांतली ७४ रुग्णालयं. नोंदणीच्या वेळी ५५ टक्के रुग्ण आयसीयूत होते. औषध कोणतं द्यायचं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर सोडलेलं होतं. चिठ्ठी टाकावी तशी ठरली ती फक्त मुदत: सात दिवस की चौदा. नव्वद दिवसांनी मोजणी केली तेव्हा सात दिवसांच्या गटातले १४.५ टक्के रुग्ण दगावले होते, चौदाच्या गटातले १६.१ टक्के. यावरून ‘कमी दिवस दिल्याने जास्त माणसं जगतात’ असं कुणी म्हणू नये. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. अभ्यासाला विचारायचं होतं ते एवढंच की सात दिवस चौदापेक्षा वाईट ठरतात का. त्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं, आणि इतक्या आजारी माणसांत, इतक्या मोठ्या संख्येने ते पहिल्यांदाच आलं. संसर्गाचं उगमस्थान सगळ्यात जास्त रुग्णांत मूत्रमार्ग होतं आणि सगळ्यात जास्त सापडलेला जंतू ई. कोलाय. माझ्या त्या बाई या अभ्यासात अगदी चपखल बसल्या असत्या.

या अभ्यासातली एक गोष्ट मला निकालाइतकीच बोलकी वाटते. सात दिवसांची चिठ्ठी निघालेल्यांपैकी २३ टक्के रुग्णांना डॉक्टरांनी प्रत्यक्षात जास्त दिवस औषध दिलं. हे डॉक्टर अभ्यासात सामील झालेले, प्रश्न समजलेले, तरी जवळजवळ दर चौथ्या रुग्णापाशी त्यांचा हात थांबेना. मी त्यांना दोष देत नाही. सातव्या दिवशी रोगी पूर्ण बरा नसतो. थोडा ताप असतो, पांढऱ्या पेशी चढलेल्या असतात. अशा वेळी दुसऱ्याने लिहून दिलेला आकडा पाळणं सोपं नाही. ज्यांनी ठरल्याप्रमाणे औषध घेतलं तेवढ्यांचाच वेगळा हिशेब केला तरी निष्कर्ष बदलला नाही, हेही इथे सांगायला हवं.

आपला वाचक विचारेल, ही सगळी कॅनडा-ऑस्ट्रेलियाची रुग्णालयं, आमच्याकडचे जंतू निराळे. प्रश्न अगदी रास्त आहे. त्या सात देशांत भारत नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत ॲसिनेटोबॅक्टरचे दहापैकी जवळपास नऊ नमुने मेरोपेनेमला दाद देत नाहीत, असं चित्र आहे. मग हाती उरतं ते कोलिस्टिनसारखं औषध, जे मूत्रपिंडाला सोसत नाही. म्हणून मला २०२४ सालीच प्रसिद्ध झालेला दुसरा एक अभ्यास आपल्या जास्त जवळचा वाटतो. ‘रिगार्ड-व्हॅप’ नावाचा, नेपाळ, थायलंड आणि सिंगापूरमधल्या आयसीयूंचा. व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया झालेले ४६१ रुग्ण. एका गटाचं औषध ताप उतरून रक्तदाब स्थिर झाला की सात दिवसांच्या आत थांबवलं, दुसऱ्याचं नेहमीसारखं लांब चाललं. पहिल्या गटात मधली मुदत सहा दिवसांची निघाली, दुसऱ्यात चौदा. साठ दिवसांत मृत्यू किंवा न्यूमोनिया उलटणं यांचं मिळून प्रमाण ४१ टक्के आणि ४४ टक्के. औषधाचे दुष्परिणाम, त्यांत मुख्यतः मूत्रपिंडाला इजा, कमी दिवसांच्या गटात ८ टक्के रुग्णांना झाले आणि जास्त दिवसांच्या गटात ३८ टक्क्यांना. हा शेवटचा आकडा प्रत्येक आयसीयूच्या भिंतीवर लागावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे क्रिएटिनिन चढलं की तो सेप्सिसचाच भाग आहे असं आपण नातेवाइकांना सांगतो, आणि डायलिसिसच्या कागदावर सही घेतो. त्यातला काही भाग औषधाच्या आठव्या ते चौदाव्या दिवसाचा असू शकतो.

रक्ताच्या तपासणीवरून मुदत ठरवता येईल का, याची मोठी आशा होती. प्रोकॅल्सिटोनिन जंतुसंसर्गात चढतं, संसर्ग आटोक्यात आला की झपाट्याने उतरतं. नेदरलँड्समधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते कमाल पातळीच्या ८० टक्क्यांनी उतरलं किंवा ०.५ च्या खाली गेलं की थांबण्याचा सल्ला दिला जायचा. तिथे औषधाचे दिवस सातावरून पाचावर आले आणि मृत्यूही कमी दिसले. ब्रिटनमधल्या ४१ आयसीयूंतला २,७६० रुग्णांचा अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बचत जेमतेम एका दिवसाची निघाली, १०.७ वरून ९.८. स्वस्तातल्या सीआरपीने तेवढाही फरक पडला नाही. माझा अनुभव असा की ही तपासणी मनाला धीर देते, आणि धीराचीही किंमत असते. पण तालुक्याच्या ठिकाणी ती मिळत नाही म्हणून कुणी औषध लांबवू नये. रोगी स्वतः बरंच सांगतो: ताप, नाडी, रक्तदाबाच्या औषधाचा वेग, लघवी, भूक, आणि त्याने घरच्यांना ओळखलं की नाही.

आता जिथे सात दिवसांवर अजिबात थांबू नये त्या जागा. रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडला तर कमीत कमी चौदा दिवस, आणि तो हृदयाच्या झडपेवर, मणक्यात किंवा सांध्यात जाऊन बसला असेल तर चार ते सहा आठवडे. हा जंतू बॅलन्सच्या अभ्यासातून वगळलेलाच होता. कृत्रिम झडप असलेले, केमोथेरपीने पांढऱ्या पेशी संपलेले रुग्णही वगळलेले होते. कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर आणि अधूनमधून आपल्याकडेही मधुमेह्यांत सापडणाऱ्या मेलिऑइडोसिसला शिरेतून कमीत कमी दहा-चौदा दिवस आणि नंतर गोळ्यांनी तीन महिने उपचार लागतो. तिथे घाई केली तर आजार हमखास उलटतो. आणि जिथे पू आत आहे तिथे तर मोजणीच सुरू होत नाही. यकृतातलं गळू काढलं नाही, आतड्याचं छिद्र शिवलं नाही, खड्यामागची लघवी मोकळी केली नाही, तर एकवीस दिवसांचं औषधही वाया जातं. उलट पोटातला पू नीट काढला असेल तर चार दिवस पुरतात, असं अमेरिका आणि कॅनडातल्या ५१८ रुग्णांच्या अभ्यासात २०१५ साली दिसलं, अर्थात ते रुग्ण आयसीयूतल्या रुग्णांइतके अत्यवस्थ नव्हते. आमच्या निवासी डॉक्टरांना मी सांगते की पहिला दिवस मेरोपेनेम सुरू झाल्याचा धरू नका, पू निघाल्याचा धरा.

आणि शून्य दिवसांचीही मुदत असते, तिचं नाव कुणी घेत नाही. भातलावणीच्या दिवसांत कोकणातून, पावसाळा सरता सरता विदर्भातून तापाने बेशुद्ध झालेली माणसं येतात. पहिल्या तासात त्यांना आपण सेप्सिस धरूनच औषध देतो, आणि ते बरोबर आहे. पण तिसऱ्या दिवशी रिपोर्ट डेंग्यूचा आला, कल्चरमध्ये काही निघालं नाही, तर अँटिबायोटिक त्याच दिवशी बंद व्हायला हवं. लेप्टो निघाला तर सेफ्ट्रिअॅक्सोन किंवा पेनिसिलिन सात दिवस. स्क्रब टायफस निघाला तर, भारतातल्याच रुग्णालयांनी केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे, डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन एकत्र, सात दिवस. यांतल्या कशालाही मेरोपेनेम लागत नाही. तरी ते चालू राहतं, कारण ‘इतका सिरियस पेशंट आहे, कव्हर राहू दे.’ कव्हर हा आमच्या बोलण्यातला फार लाडका शब्द आहे. पांघरूण घातल्यासारखा. पण हे पांघरूण उघड्या पडलेल्या रोग्याला ऊब देत नाही, आणि निबर झालेला जंतू आमच्याच हातांनी शेजारच्या खाटेवर पोहोचवतं.

नातेवाइकांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ‘डॉक्टर, पैशाकडे बघू नका, भारीतलं औषध द्या,’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे. त्यात प्रेम असतं, आणि विकलेल्या जमिनीचा तुकडाही असतो. अशा माणसाला ‘आज औषध बंद करतोय’ म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. डॉक्टरांनी हात टेकले, असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून मी आता पहिल्याच दिवशी सांगून ठेवते: ‘हे औषध साधारण सात दिवस लागेल. आठव्या दिवशी बंद केलं तर समजा, त्याचं काम झालं.’ आधी सांगितलेलं कानाला सरावतं. बंद केल्यावर मी दोन दिवस रोग्यावर जास्त लक्ष ठेवते, तेही त्यांना सांगते. पुन्हा ताप आला तर पुन्हा कल्चर पाठवता येतं, औषध पुन्हा सुरू करता येतं. गेल्या काही वर्षांत मला ते फार थोड्या वेळा करावं लागलं.

पुस्तिकेच्या शेवटी एक कोरा तक्ता छापला आहे. तो फाडून ट्रीटमेंट शीटला लावावा अशी योजना आहे. औषधाचं नाव, पू कधी काढला ती तारीख, कल्चर कधी पाठवलं आणि काय आलं, आणि उजवीकडे रोज भरायचा एक अरुंद रकाना: ‘आज कितवा दिवस, आणि कशासाठी?’ त्यात आकड्यापुढे कारण लिहिल्याशिवाय पुढचा डोस द्यायचा नाही, असं आमच्या आयसीयूत आम्ही ठरवलं आहे. हा रकाना पहिल्यांदा आखला तो त्या सिस्टरांनी, ज्यांनी मला त्या सकाळी विचारलं होतं. बाई घरी गेल्या त्याच आठवड्यात त्यांनी फूटपट्टी आणि लाल पेन घेऊन सगळ्या खाटांच्या शीटवर उजव्या बाजूला एक रेघ ओढली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘मॅडम, इथे तुम्ही लिहायचं.’